जोते कायम, घर सुटे : आंदर मावळातील कामकऱ्यांच्या निवाऱ्याचा विचार



पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळ अशी तीन प्रमुख खोरी आहेत. त्यांपैकी आंद्रा नदीचे खोरे म्हणजे आंदर मावळ होय. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे वळले की या खोऱ्यात प्रवेश होतो. पुढे वडेश्वर, वाहनगाव, खांड अशी गावे ओलांडीत रस्ता सह्याद्रीच्या कड्याजवळ कुसूरपर्यंत पोहोचतो आणि तेथून कुसूर घाटाची जुनी वाट कोकणात उतरते. खोऱ्याच्या माथ्याकडे ठोकळवाडीचा विस्तीर्ण जलाशय आहे. १९२२ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी कड्याखालच्या भिवपुरी येथील वीजगृहात जाते आणि टाटांच्या त्या योजनेने गेले शतकभर मुंबईला वीज पुरविली आहे.

या खोऱ्यात बाहेरून येऊन काम करणाऱ्यांची संख्या लहान नाही. शाळेतील शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, विजेच्या तारा सांभाळणारे वायरमन, रस्त्यावरचे मजूर, वीटभट्टीवरील कातकरी कुटुंबे, टाकव्याच्या परिसरातील कारखान्यांत येणारे परप्रांतीय कामगार अशा अनेकांच्या श्रमावर येथील दैनंदिन व्यवहार चालतो. ही माणसे दिवसा काय काम करतात याची नोंद कोणत्या ना कोणत्या दप्तरात असते. ती रात्री कोठे झोपतात, याची नोंद क्वचितच आढळते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या सुट्या भागांची घरे या प्रश्नाला कितपत उपयोगी पडतील आणि त्यासाठी गावाने आधी काय केले पाहिजे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

ओला गारठा

डोंगराळ आणि थंड प्रदेश म्हटले की हिमालयातील बर्फ डोळ्यांपुढे येतो. मावळात बर्फ पडत नाही. परंतु थंडीचे एक वेगळे रूप येथे नांदते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कड्यालगतच्या गावांतही पावसाचे मान असेच मोठे असते. जून ते सप्टेंबर या काळात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, धुके घरात शिरते, अंथरूण सुकत नाही. तापमापकातील पारा फारसा उतरलेला नसतो, तरी माणूस कुडकुडतो. याचे कारण सरळ आहे. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक उष्णता बाहेर जाऊ देते, आणि ओले कपडे सुकताना अंगातील ऊब शोषून घेतात. पुढे पौष-माघात आकाश निरभ्र झाले की खोऱ्याच्या तळाशी थंड हवा साचते आणि पहाटे दवाने पत्रे भिजतात.

दिवसभर पावसात काम केलेल्या माणसाला रात्री कोरडी जागा मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी तो आजारी पडतो किंवा गाव सोडतो. परिचारिकेला राहण्याजोगी खोली नसेल, तर ती सायंकाळच्या गाडीने परत जाते आणि मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीला तिचा उपयोग होत नाही. कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे, असा आग्रह वारंवार धरला जातो. तो योग्यच आहे. मात्र मुख्यालयी राहण्याजोगे घर आहे काय, हा प्रश्न त्याच्या आधी यावयास हवा.

बोरघाटाचा धडा

कामकऱ्यांच्या निवाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा इतिहास मावळच्या उंबरठ्यावरच घडलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू केले आणि १८६३ मध्ये ते पूर्णत्वास गेले. कातळ फोडून पंचवीस बोगदे खोदण्यात आले. काम ऐन भरात असताना, १८६१ च्या सुमारास, चाळीस हजारांहून अधिक मजूर या घाटात राबत होते. एवढी माणसे उतारावरच्या तात्पुरत्या झोपड्यांत राहत होती. पिण्याच्या पाण्याची आणि मैलापाण्याची व्यवस्था नव्हती. कॉलरा आणि तापाच्या साथींनी हजारो मजुरांचा बळी घेतला. कंत्राटदारही यातून सुटले नाहीत. १८५९ मध्ये कंत्राट घेऊन आलेले सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि पुढचे काम त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी अभियंत्यांच्या साह्याने तडीस नेले.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. त्या मजुरांना मारले ते प्रामुख्याने दूषित पाण्याने आणि दाटीवाटीने. झोपडीच्या भिंती कुडाच्याऐवजी लोखंडी असत्या, तरी साथ थांबली नसती. सुट्या भागांच्या घरांची चर्चा करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

खणाची जुनी कल्पना

ठराविक मापाचे भाग एकमेकांस जोडून घर उभे करणे, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. मराठी माणूस घर मोजतो ते खणांनी. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. तीन खणांचे घर वंश वाढला की पाच खणांचे करावयाचे, आणि पडलेल्या वाड्याचे खांब, तुळया व दारे काढून दुसऱ्या जोत्यावर उभारावयाची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सह्याद्रीच्या पट्ट्यात खांबांच्या मधल्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाने भरून त्यावर शेणमातीचा लेप देत. कूड खराब झाला तर तेवढाच बदलावयाचा. सांगाडा कायम राही.

ऊसतोड कामगारांची कोपी हा तर फिरत्या निवाऱ्याचा आणखी बोलका नमुना होय. बांबू, चटया, पाचट आणि ताडपत्री बैलगाडीवर घालून कुटुंब कारखान्याच्या तळावर येते, तासा-दोन तासांत कोपी उभी करते आणि हंगाम संपला की मोडून परत नेते. कोपीची रचना चतुर आहे. तिच्या सभोवती पाणी, शौचालय आणि उजेड नाही, हे तिचे दैन्य आहे. म्हणजे येथेही उणीव भिंतीत नसून तळावर आहे.

कारखान्यात घडणारी खोली

आजच्या सुट्या भागांच्या घरांचे दोन ढोबळ प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात पूर्ण खोलीच कारखान्यात तयार होते आणि मालमोटारीवरून येऊन क्रेनने जागेवर बसते. कंटेनरची घरे आणि पोर्टा केबिन या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात भिंतीचे व छपराचे फलक, लोखंडी चौकट, दारे, खिडक्या असे भाग सुटे येतात आणि जागेवर नटबोल्टने जोडले जातात.

अतिशीत प्रदेशात पहिल्या प्रकाराने केवढी मजल मारली आहे, याचे उदाहरण भारताच्याच संशोधन केंद्रात पाहावयास मिळते. अंटार्क्टिकावरील 'भारती' हे केंद्र २०१२ साली कार्यान्वित झाले. त्याची मुख्य इमारत १३४ मालवाहू कंटेनरांची बनविलेली आहे. भाग बाहेर तयार करून जहाजाने नेण्यात आले आणि अल्पशा उन्हाळ्याच्या मुदतीत जोडण्यात आले. या कंटेनरांभोवती उष्णतारोधक आवरण घालण्यात आले आहे, हे विशेष लक्षात घेण्याजोगे होय. या केंद्राचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. थंड डोंगराळ भागातही हीच निकड असते. बांधकामाचा हंगाम लहान, कुशल कारागीर दूर आणि हवा बेभरवशाची, अशा ठिकाणी जितके काम कारखान्याच्या छताखाली होईल तितके चांगले. मावळात बर्फाऐवजी पाऊस हंगाम आखडून टाकतो. सिमेंटचे काम पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ थांबते. जोडावयाचे घर मात्र पावसाने दोन दिवसांची उघडीप दिली तरी उभे राहू शकते.

फलकांचे बळ त्यांच्या पोटातील फेसात असते. ज्याला बाजारात पफ पॅनेल म्हणतात, त्यात दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा कडक फेस भरलेला असतो. उष्णता वाहून नेण्याची शक्ती मोजण्याच्या शास्त्रीय परिमाणात पोलादाचा अंक ५० च्या आसपास, विटांचा सुमारे ०.८ आणि या फेसाचा सुमारे ०.०२५ इतका येतो. याचा अर्थ असा की, पाच सेंटिमीटर जाडीचा फलक उष्णता अडविण्याच्या बाबतीत दीड मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करतो. नुसत्या पत्र्याची भिंत मात्र ऊब जवळजवळ अडवीतच नाही. म्हणून 'पत्र्याची शेड' आणि 'पॅनेलचे घर' यांची गल्लत निविदेत होऊ देता कामा नये.

मावळात आणताना

कंटेनरची सहज उपलब्धता मोहात पाडणारी आहे. परंतु वीस फुटी कंटेनर सुमारे सहा मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि रिकामा असताना दोन टनांहून अधिक वजनाचा असतो. तो वाडीच्या अरुंद वळणावरून नेणे आणि तेथे क्रेन उभी करणे सोपे नाही. सुटा फलक मात्र दोन माणसे खांद्यावरून नेऊ शकतात. मुख्य रस्त्यावरील कारखान्याच्या आवारात पूर्ण खोल्या आणि आतल्या वाड्यांवर सुटे फलक, अशी विभागणी व्यवहार्य ठरेल.

दाटीचा प्रश्नही मापातच दडलेला आहे. वीस फुटी कंटेनरच्या आतील जागा चौदा चौरस मीटरही भरत नाही. आपत्तीतील निवाऱ्यासाठी जगभर मानली जाणारी 'स्फिअर' मानके माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा सांगतात. थंड हवेत, जेथे स्वयंपाक व इतर व्यवहार आतच होतात, तेथे साडेचार ते साडेपाच. या हिशोबाने अशा खोलीत मावळच्या पावसाळ्यात फार तर तिघांची सोय होते. सहा किंवा आठ खाटा एकावर एक रचल्या की निवाऱ्याचे गोदाम झाले असे समजावे.

ओलाव्याचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून व घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळते. त्यात स्वयंपाकाची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांची भर पडते. ही वाफ थंड पत्र्याला लागली की तिचे थेंब होतात आणि बाहेर पाऊस थांबला तरी आत गळती चालू राहते. सांध्यांवर उघडे लोखंड राहिले तर तेथूनही हाच त्रास होतो. यासाठी समोरासमोर दोन खिडक्या, छताजवळ झाकता न येणारे झरोके आणि कपडे वाळविण्यासाठी स्वतंत्र पडवी या गोष्टी आराखड्यातच असाव्यात.

जुन्या मावळी घराने येथे उत्तम धडा घालून दिलेला आहे. उतरती पाखी, पुढे आलेली वळचण आणि उंच जोते यांमुळे भिंतीवर पाऊस थेट येत नसे. फलकांच्या सपाट छपरावर वेगळे उतरते छप्पर घालून दोहोंच्या मध्ये हवा खेळती ठेवली, तर सांध्यांवर पाणी साचत नाही, पावसाचा कानठळ्या बसविणारा आवाज कमी होतो आणि चैत्र-वैशाखात खोली तापत नाही. हे छप्पर जोत्यात पुरलेल्या बोल्टांनी बांधून घ्यावे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने कोकणाबरोबर मावळातही छपरांचे पत्रे उडविले, याचा विसर पडू नये.

एक धोका स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. पफ पॅनेलमधील फेस पेट घेऊ शकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अशा खोलीत चूल किंवा उघड्या ज्योतीची शेगडी कदापि असू नये. थंडी घालविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे हे तर प्राणघातक होय. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. स्वयंपाकघर वेगळे, विटांचे आणि खोल्यांपासून अंतरावर असावे. जेथे शक्य असेल तेथे न पेटणाऱ्या खनिज लोकरीचे फलक वापरावेत.

जमीन आधी

भिंतीविषयी एवढे झाल्यावर तिच्या खालच्या जमिनीकडे वळले पाहिजे. कारण सह्याद्रीत घरांनी माणसे गमावली ती बहुधा डोंगर खचल्यामुळे. जुलै १९८९ मध्ये याच मावळ तालुक्यात भाजे येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्या कुटुंबांना पत्र्याच्या निवाऱ्यांत दिवस काढावे लागले. एप्रिल २०१७ मध्ये नवे गाव त्यांच्या स्वाधीन झाले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील भराव, रस्ते व गटारे यांची हानी झाली. घरे भक्कम असूनही उतारावरच्या पाण्याला वाट नसेल तर काय होते, हे त्यातून दिसून आले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न जण बेपत्ता राहिले. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौक परिसरात कंटेनरच्या घरांत हलविण्यात आले आणि कायमच्या घरांचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. ऐन पावसात, थोड्या दिवसांत, छप्पर, दार आणि कडी असलेला निवारा उभा राहू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. त्याचबरोबर, अशा घरांसाठी सुरक्षित जागा, पाणी आणि शौचालये आधीपासून तयार असती तर किती वेळ वाचला असता, हा विचारही त्याने मागे ठेवला.

गावाचे काम कोणते?

या सर्व विवेचनाचे सार एका वाक्यात सांगता येईल. घर सुटे असू शकते, जोते मात्र कायमचे हवे. ग्रामपंचायतीने घरे विकत घेण्यापूर्वी जोती तयार करावीत. डोंगरउतारापासून, ओढ्याच्या पात्रापासून व भरावाच्या जमिनीपासून दूर, भूवैज्ञानिकांकडून तपासून घेतलेल्या जागेवर, आसपासच्या जमिनीपेक्षा किमान दोन फूट उंच अशी दगडी जोती ठराविक मापात बांधावीत. त्यांना नळाचे पाणी, शौचालये, शोषखड्डा, विजेची जोडणी व तडिताघातापासून संरक्षण असावे. वरच्या अंगाला पावसाचे पाणी वळविणारा चर खणावा. जोत्याच्या कडेला बोल्ट पुरून ठेवावेत, म्हणजे कोणत्याही कारखान्याच्या खोल्या त्यावर बसविता येतील.

अशा जोत्यांचा उपयोग बहुविध आहे. एखाद्या जोत्यावर परिचारिकेची दोन खणांची खोली कायम राहील. शेजारी शिक्षकांसाठी खोल्या असतील. रस्त्याचे किंवा जलवाहिनीचे काम निघाले की कंत्राटदाराच्या मजुरांसाठी तेथेच खोल्या उभ्या राहतील आणि काम संपल्यावर पुढच्या गावी जातील. मुसळधार पावसात डोंगराखालची वाडी हलवावी लागली, तर त्या कुटुंबांना शाळेच्या वर्गात दाटी करून राहावे लागणार नाही आणि मुलांची शाळाही बुडणार नाही.

कायद्याची दिशाही याला अनुकूल राहिलेली आहे. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने मालकावर असे बंधन घातले होते की, कामाच्या जागी किंवा तिच्या जवळ कामगारांना विनामूल्य तात्पुरती निवासव्यवस्था द्यावी. स्वयंपाक, स्नान, धुणे व शौचालय यांची वेगळी सोय करावी. आणि काम संपल्यावर ती बांधकामे काढून जमीन पूर्ववत स्वच्छ व सपाट करून द्यावी. पुढे अशा अनेक कायद्यांचे एकत्रीकरण २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत करण्यात आले. काढून नेता येईल असे घर हे या अपेक्षेला साजेसेच आहे. कामाचा आदेश देतानाच निवाऱ्याची बाब अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखविली आणि पहिल्या देयकापूर्वी तिची पाहणी झाली, तर ही तरतूद कागदावर राहणार नाही.

देखभालीचा प्रश्न शेवटी येतो, पण तो दुय्यम नाही. लोखंडाला मावळातील दमट हवा लवकर गंज चढविते. दर वर्षी मे महिन्यात, भातशेतीची धांदल सुरू होण्यापूर्वी, बोल्ट आवळणे, सांधे भरणे, रंग देणे आणि चर उपसणे ही चार कामे झालीच पाहिजेत. ती गावातील तरुणांना शिकविता येतील. लोणावळा, तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक परिसरात वेल्डर, फिटर व वायरमन म्हणून काम केलेले हात मावळच्या गावांत आहेत. घर बाहेरून आले तरी त्याची दुरुस्ती गावात होईल, तेव्हाच ते गावाचे झाले असे म्हणता येईल.

सुट्या भागांची घरे हा निवाऱ्याच्या प्रश्नावरील रामबाण उपाय नाही. शेतकऱ्याच्या वडिलोपार्जित घराची जागा ती घेऊ शकत नाहीत, आणि वर्षानुवर्षे वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाला हक्काच्या घरापासून दूर ठेवण्याचे निमित्तही ती होऊ नयेत. परंतु जो माणूस गावासाठी काम करावयास येतो, त्याला पहिल्याच पावसाळी रात्री कोरडी, सुरक्षित व मानाची जागा देण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने दोन याद्या तयार कराव्यात: गावात बाहेरून येऊन काम करणारी माणसे किती व ती रात्री कोठे राहतात, ही पहिली, आणि जोते घालण्यास सुरक्षित अशी जागा कोणती, ही दुसरी. या दोन याद्या हाती असतील, तर निधीची मागणी नेमकी करता येईल आणि दरड, वादळ किंवा साथ येण्यापूर्वी निम्मे काम झालेले असेल.